आडनावाच्या रकान्यात

माझी आई फेब्रुवारी २००६ मध्ये, एका बुधवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास, मैलापूरच्या घरी वारली. ती एकोणऐंशी वर्षांची होती. आयकर खात्याचा पॅन क्रमांक तिला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिळाला.

तो तिला जाण्याआधी दीड वर्ष हवा होता. तेव्हा तो मिळाला नाही, कारण तिचा अर्ज माझ्याकडे होता.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आमच्या घरातली मराठी पुण्यामुंबईच्या माणसाला जुनी आणि थोडी तमिळ वाटते. मी नोकरीची पहिली सहा वर्षं पुण्यात काढली, म्हणून माझी लिहिण्याची भाषा वेगळी झाली. आई मराठी बोलायची आणि तमिळ लिपीत लिहायची. तिच्या पिढीत बरेच जण तसंच लिहीत.

ती मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शाळेतली एक सवय सुटली नव्हती. कुठलाही कागद ती दोनदा लिहायची, आधी रफ, मग फेअर. बँकेचा अर्ज असो, भावाला पत्र असो, नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्यांची यादी असो. फेअर बाहेर जायचं, रफ घरात राहायचं. रफसाठी जुन्या प्रश्नपत्रिकांची पाठकोरी बाजू वापरायची.

घर दोन मजली होतं. खाली आई आणि माझी थोरली बहीण, अक्का, राहत, वरचा मजला एका छोट्या कंपनीला कचेरीसाठी दिला होता. वडील १९८८ साली वारले. मी बायकोमुलांसह अंबत्तूरला राहत होतो आणि एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम होतं. नावांच्या चुका आधी.

ऑगस्ट २००४ मध्ये, एका मंगळवारी दुपारी, आई बसनं माझ्या कचेरीत आली. तिनं आधी फोन केला नव्हता. स्वागतकक्षातून निरोप आला तेव्हा साडेचार वाजले होते आणि माझ्यासमोर एक पान अर्धं लागलेलं होतं. मी खाली गेलो. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर खाकी पाकीट होतं.

"सगळ्यांचा नंबर येतोय रे," ती म्हणाली. "शेजारच्या मामींचा पण आला. मज नको का?"

"तुला कशाला लागतो, अम्मा?"

"वरचे कंपनीवाले भाड्यात कर कापतात. मग हिशोब द्यायला नको? चौतीस वर्षं मुलींना सांगितलं, उत्तर नुसतं नको, पायऱ्या दाखवा. मी काय दाखवू?"

"बरं, दे. उद्या देतो भरून."

"भरलाय मीच. तू वाचून बघ आधी. चूक असली तर खोडू नको. मी दुसरा लिहीन."

"तुझी काय चूक असणार."

हे मी उठता उठता म्हणालो. पाकीट उघडलं नाही. तिनं पाणी मागितलं, रखवालदारानं आणून दिलं. मी वर गेलो. नंतर कळलं की ती आणखी पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसली होती, बसच्या गर्दीची वेळ टळावी म्हणून. तिला कॉफी विचारायचं राहिलं. कँटीन त्याच मजल्यावर होतं.

पाकीट मी टेबलाच्या दुसऱ्या खणात ठेवलं. अर्ज स्वीकारण्याचं केंद्र कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी त्या रस्त्यानं रोज दुपारी जेवायला जात होतो.

तिनं तीनदा विचारलं. पहिल्यांदा नवरात्रात, घरी कोलू मांडलेला असताना. मी म्हणालो, दिला आहे, वेळ लागतो. दुसऱ्यांदा संक्रांतीला, फोनवर. मी म्हणालो, खूप लोकांचे अर्ज अडकलेत. तिसऱ्यांदा जून २००५ मध्ये, ती न्हाणीघरात पडून कंबरेचं हाड मोडल्यावर, रुग्णालयात. भूल उतरत होती. तिनं अक्काला आधी विचारलं, गॅस बंद केलास का, आणि मग मला विचारलं, "माझा नंबर?"

"प्रोसेसमध्ये आहे," मी म्हणालो.

त्या वेळी अर्ज कुठे होता ते मी सांगू शकत नाही. एप्रिलमध्ये आमचा संपादकीय विभाग वरच्या मजल्यावर हलला होता. ज्याचे त्याचे खण ज्यानं त्यानं रिकामे करायचे होते. मी माझे खण पाऊण तासात रिकामे केले. कागद तीन खोक्यांत गेले, दोन वर आली आणि एक रद्दीत गेलं. पाकीट वर आलेल्या दोन खोक्यांत नव्हतं. ही खात्री मी नंतर, आई गेल्यावर करून घेतली.

आई पडली त्याच महिन्यात अक्कानं नोकरी सोडली. ती एका इन्शुरन्स कंपनीत होती, निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. लग्न तिनं केलं नव्हतं. नोकरी सोडताना तिनं मला विचारलं नाही, कळवलं. मीही तिला थांबवलं नाही. दर रविवारी मी अंबत्तूरहून यायचो, जेवायचो, आईशी तासभर बोलायचो आणि चारच्या लोकलनं परत जायचो. बाकीचे सहा दिवस अक्का.

घर अक्काचं, हे आईनं आम्हा दोघांना वेगवेगळं सांगितलं होतं. मृत्युपत्र मात्र केलं नव्हतं. दारावरची पाटी वडिलांच्या नावाची होती, वीजबिल वडिलांचं, पाण्याची जोडणी आईची, रेशनकार्ड आईचं. घरातल्या एकाही कागदावर अक्काचं नाव पहिलं नव्हतं. "मी राहते कुणाच्या घरात?" असं ती गमतीनं म्हणायची. आई गेल्यावर तिनं ती गंमत बंद केली.

आई गेली त्या दिवशी दहन-नोंदीच्या खिडकीवर मी उभा होतो. कारकुनानं तमिळमध्ये नाव विचारलं. आमच्यात पुरुषांच्या नावापुढे राव लावतात आणि बायकांच्या नावापुढे बाई. हे आडनाव नव्हे, मान आहे. लग्नपत्रिकेत लावतात, निधनाच्या जाहिरातीत लावतात. मी नाव सांगितलं आणि पुढे बाई म्हणालो. त्यानं लिहून घेतलं. मृत्यूचा दाखला त्यावरून निघाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली चार ओळींची जाहिरात मी स्वतः लिहिली होती. तिच्यातही तेच नाव होतं.

एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या कंपनीचं पत्र आलं. भाड्यातून कापलेला कर आईच्या खात्यावर दाखवण्यासाठी तिचा पॅन हवा होता. अक्कानं पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. मग विचारलं, "अम्मा तुज काही बोलली होती का या नंबराचं?"

"नाही," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बरं. बघ मग काय करायचं ते."

आमच्याकडे सनदी लेखापालाला ऑडिटर म्हणतात. आमचा ऑडिटर तिरुवल्लिकेणीत, एका अरुंद गल्लीतल्या जिन्यावर बसायचा. आजूबाजूला एकट्या पुरुषांच्या खोल्यांचे मॅन्शन होते आणि त्याच्या टेबलापर्यंत खालच्या मेसच्या सांबाराचा वास यायचा. माणूस तमिळ, माझ्यापेक्षा लहान, वडिलांच्या ओळखीतला. त्याला मी सांगितलं की मला माझा हिस्सा बहिणीला सोडायचा आहे, लवकर.

"सोडा की," तो म्हणाला. "पण आधी अम्मांचा कर मिटवा. विवरण भरलेलं नाही, नंबर नाही. आज घर अक्कांच्या नावावर केलंत, तर उद्या नोटीस अक्कांच्या दारात."

"वारलेल्या माणसाला नंबर मिळतो?"

"मागितला तर मिळतो."

त्यानं अर्ज काढला आणि पेनानं रकाने दाखवले. व्यक्ती, एकत्र कुटुंब, भागीदारी, कंपनी, ट्रस्ट. मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी चौकट नव्हती. "दुसरा ऑडिटर वेगळं सांगेल," तो म्हणाला. "या जिन्यावर असं चालतं, की अम्मा व्यक्ती, आणि तुम्ही वारस म्हणून त्यांचे प्रतिनिधी. फोटो त्यांचा, सही तुमची."

निघताना त्यानं विचारलं, "हयातीत का नाही काढला, सार? फुकटसारखं काम होतं."

"राहून गेलं," मी म्हणालो.

अर्ज घेऊन मी सप्टेंबरमध्ये केंद्रावर गेलो. एप्रिल ते सप्टेंबर हे पाच महिनेही माझेच. खिडकीवर पंचविशीची मुलगी होती, केसांत मोगरा, समोर रबरी शिक्के. तिनं अर्ज उलटा करून माझ्यापुढे सरकवला.

"सार, सरनेम रिकामं आहे."

"आमच्यात सरनेम नसतं."

"आमच्यातही नसतं, सार. रकाना आहे ना."

मागे रांगेत कुणीतरी हसलं.

"इनिशियल लिहून चालत नाही," ती नावाआधीच्या आरवर बोट ठेवून म्हणाली. "एक्स्पांड करा. आर म्हणजे काय?"

मला ते सांगता आलं नाही.

आईच्या शाळेच्या कागदांवर, पेन्शनच्या कागदांवर, घराच्या कागदांवर नावाआधी फक्त आर होतं. तमिळनाडूत मुलीच्या नावाआधी वडिलांचं आद्याक्षर असतं, लग्नानंतर ते जाऊन नवऱ्याचं येतं. माझ्या वडिलांचं नाव आरवरून होतं. आईच्या वडिलांचंही आरवरून. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत थट्टा झाली होती म्हणे, की मुलगी चलाख, सही बदलावी लागणार नाही असा नवरा शोधला. ही थट्टा मी लहानपणापासून ऐकत होतो. पण आई सही करताना दोघांपैकी कुणाचं अक्षर लिहीत होती, हे मी तिला विचारलं नव्हतं.

अक्काला माहीत असणार होतं. माझ्या खिशात मोबाइल होता. मी तो बाहेर काढला, तिचा नंबर समोर आणला आणि पुन्हा खिशात ठेवला. मी विचारलं असतं तर तिनं विचारलं असतं की हे आत्ता कशाला हवंय, अम्माच्या अर्जात नव्हतं का. निदान मला तसं वाटलं.

आमच्या पेपरात नियम होता. नावाची खात्री नसेल तर हातात जो सरकारी कागद असेल त्यावरचं नाव जसंच्या तसं घ्यायचं. माझ्या हातात मृत्यूचा दाखला होता. त्यावर आर नव्हतं. नाव होतं आणि पुढे बाई. मी आडनावाच्या रकान्यात तीन चौकटी भरल्या. बी, ए, आय.

"बघा, होतं ना सरनेम," ती मुलगी म्हणाली आणि शिक्का मारला.

वडिलांचं नाव असा वेगळा रकाना होता. विवाहित स्त्रियांनीही वडिलांचंच नाव लिहावं, अशी बारीक अक्षरातली सूचना त्याच्याखाली होती. तिथे मी आजोबांचं नाव लिहिलं. ते वरच्या रकान्यातही असू शकतं, असा विचार माझ्या मनात आला नाही.

कार्ड ऑक्टोबरच्या अखेरीस आलं. मी ते घेऊन ऑडिटरकडे गेलो. त्यानं ते कंपनीच्या कागदाशेजारी ठेवलं, घराच्या कागदाशेजारी ठेवलं, आणि चष्मा वर केला.

"सार, ही बाई कोण?"

मी समजावलं. त्याला हसू आलं, मग त्यानं ते आवरलं.

"इथे आर अमुक. इथे अमुक बाई. खात्याच्या लेखी या दोन बायका आहेत. दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल. आणि हे बघा," त्यानं कार्डावरच्या क्रमांकावर पेनाचं टोक टेकवलं, "चौथं अक्षर पी, म्हणजे व्यक्ती. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. तुम्ही बाई लिहिलंत, म्हणून बी."

"नाव दुरुस्त झालं की तेही बदलेल?"

"नाव बदलेल. नंबर माणसाला एकदाच मिळतो."

जिना उतरून मी समुद्राच्या बाजूला चालत गेलो. बस थांब्यावर उभा असताना मला आईची शाळेतली गोष्ट आठवली. ती मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या घरात सगळ्यांना ती पाठ होती.

आई नोकरीला लागली तेव्हा हजेरीपुस्तकात तिचं नाव बाईसकट होतं. तमिळ लिपीत ब आणि प यांना एकच अक्षर, त्यामुळे बाई हे पाय असंही वाचलं जातं. आणि तमिळमध्ये पाय म्हणजे चटई. पहिल्याच आठवड्यात सातवीच्या मुलींनी तिला चटई टीचर म्हणायला सुरुवात केली. एकदा ती वर्गात शिरली तर खुर्चीवर गुंडाळलेली चटई उभी करून ठेवली होती. तिनं ती उचलून कोपऱ्यात ठेवली, तास घेतला, आणि सुटीत मुख्याध्यापिकेकडे जाऊन लेखी अर्ज दिला की माझ्या नावातून हा शब्द काढावा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुली चार दिवसांत विसरतील. आई म्हणाली, नाव माझं आहे, मुलींचं नाही. शब्द निघाला. त्यानंतर तिनं तो स्वतःच्या नावापुढे कधी लिहिला नाही. पत्रिकेत नातेवाईक लावत, त्याला ती काही म्हणायची नाही. सही मात्र कायम आर आणि नाव.

अर्ज भरताना मला यातलं काही आठवलं नाही. दहन-नोंदीच्या खिडकीवरही नाही, जाहिरात लिहितानाही नाही.

दुरुस्तीसाठी पेन्शनचा मूळ कागद हवा होता आणि तो अक्काकडे होता. मी जानेवारी २००७ मधल्या एका रविवारी मैलापूरला गेलो. हे मधले दोन महिने मी तिला एवढंच सांगत होतो की काम चालू आहे. ती स्वयंपाकघरात उडदाच्या पिठाच्या डांगर पचडीसाठी दही घुसळत होती. मी दारातच उभा राहिलो आणि सांगितलं की कार्ड आलंय, पण त्यावर आडनाव बाई असं छापलं गेलंय.

"छापलं गेलंय?" ती म्हणाली.

"मी लिहिलं."

"चटई टीचर," ती म्हणाली. तिला हसू आलं, खरंखुरं, आणि ते लगेच गेलं. "पेपरात पाहिलं तेव्हाच बोलणार होते मी. दहा लोक बसले होते घरात, म्हणून गप्प राहिले."

"आर म्हणजे कोण, अक्का? अप्पा की आजोबा?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात आईची रफ कागदपत्रं होती, वर्षवार, रबर लावून. तिनं एक घडी काढून माझ्या हातात दिली.

प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर आईनं पट्टीनं पॅनच्या अर्जाच्या चौकटी आखल्या होत्या. जेवढ्या छापील अर्जात होत्या तेवढ्याच. प्रत्येक चौकटीत एक इंग्रजी अक्षर. आडनावाच्या रकान्यात आजोबांचं पूर्ण नाव होतं. लग्नाआधीचं आर तिनं लग्नानंतर बदललं नव्हतं, आणि ते कुणाला कळण्याचा प्रश्नही आला नव्हता.

खाली समासात तमिळ लिपीत मराठी ओळी होत्या. पहिली पेनानं. *फेअर मुलाकडे दिलं, कचेरीत. फोटो दोन.* आणि तारीख. तिच्याखाली पेन्सिलीनं तीन ओळी, प्रत्येकीपुढे तारीख. *विचारलं. विचारलं. विचारलं, प्रोसेस.* शेवटच्या ओळीचं अक्षर वाकडं होतं. ती रुग्णालयातून घरी आल्यावर पलंगावर लिहिलेली असणार. तिथली तारीख तिनं घरी येऊन आठवून घातली होती आणि ती बरोबर होती. या मजकुरातले दिवस मी त्या कागदावरून घेतले आहेत.

"हे तुला कधी सापडलं?" मी विचारलं.

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे मार्चच्या आत. एप्रिलमध्ये तिनं मला फोनवर विचारलं तेव्हा हा कागद तिच्यापाशी होता.

"मग मला विचारलंस कशाला?"

"तू सांगशील म्हणून."

ती परत दह्याकडे वळली. पाठमोरीच म्हणाली, "अम्मा शेवटपर्यंत मज सांगायची, त्याला घाई करू नको, त्याच्या पेपरात रोज काम असतं. मी म्हटलं, पेपर रोज असतो अम्मा, तू रोज असशील का? तर रागावली माझ्यावरच."

"अक्का, अर्ज माझ्याकडून हरवला. मी दिलाच नव्हता."

"ते कळलं रे."

"तिला मी खोटं सांगत होतो."

"तेही त्यात लिहिलंय," ती म्हणाली. "प्रोसेस." मग वळून विचारलं, "तुमच्या पेपरात चूक जाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता नं तुमी? कितव्या पानावर?"

"आतल्या. खाली, कोपऱ्यात."

"आणि चूक?"

"ती असते तिथेच."

"हं," ती म्हणाली. "जेवायला बस."

जेवण झाल्यावर तिनं दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडून घेतला. मी भरतो म्हणालो, तिनं ऐकलं नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे आधी रफ भरला, माझ्याकडून वाचून घेतला, मग फेअर. वाचताना मी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवलं. मग सही केली. अर्ज द्यायला ती माझ्याबरोबर आली. सोमवारी सकाळी आम्ही दोघं केंद्राच्या रांगेत उभे राहिलो. खिडकीवर तीच मुलगी होती. तिनं मला ओळखलं नाही.

"आर म्हणजे काय, मॅडम?" तिनं विचारलं.

अक्कानं आजोबांचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, वर्गात सांगतात तसं. पोचपावती तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. बाहेर आल्यावर तिला कॉफी विचारली. ती म्हणाली, घरी जाऊन करते, तू कामाला जा.

दुरुस्त कार्ड मे २००७ मध्ये मैलापूरच्या पत्त्यावर आलं. आईची राहिलेली विवरणपत्रं जूनमध्ये भरली गेली. प्रतिनिधी म्हणून सही मी केली. ऑडिटरनं कंपनीला क्रमांक कळवला. हक्कसोडपत्र ऑगस्टमध्ये नोंदवलं. त्यावर अक्काचं नाव पहिलं आहे. पाण्याची जोडणी आणि वीजबिल त्याच वर्षी तिच्या नावावर झालं. दारावरची पाटी तिनं बदलली नाही.

कार्ड तिच्याकडे, बिस्किटांच्या डब्यात, त्या रफ अर्जाला लावून ठेवलेलं आहे. फोटो आईचा आहे, सही माझी. आडनावाच्या जागी आजोबांचं नाव आहे, स्पेलिंग बरोबर आहे. क्रमांक तोच आहे. त्यातलं पाचवं अक्षर बी आहे.